तिसऱ्या मजल्यावर जैसे थे

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबेनाशी झाली तेव्हा अर्जदारांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला नुसतं तोंडी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न त्या इमारतीत अजून चहाबरोबर चघळला जातो. पण तोंडी सांगणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. सगळी नोकरी सरकारी कचेरीच्या आवक-जावक टेबलावर गेलेली. तिथे जे लेखी नाही ते घडलंच नाही, असा खाक्या. घरातलं दूध संपलं तर बायकोनं तशी चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवावी, अशी त्यांची फार वर्षांची मनीषा होती. ती बापडी स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची. सोसायटीतल्या लोकांनी त्यांचं खरं नाव केव्हाच बाजूला टाकलं होतं. सगळे त्यांना अर्जदारच म्हणत, आणि आतली गोष्ट सांगायची तर त्यांना ते आवडायचं.

तर लिफ्ट. तिसऱ्या मजल्यावरचं तिचं दार एक दिवस उघडलं ते बंद होईना. दार बंद होत नाही म्हणजे लिफ्ट जागची हलत नाही, आणि लिफ्ट हलत नाही म्हणजे चौथ्या मजल्यावरचे लोक खवळतात. मग कमिटीनं काय करावं? दार कसंबसं ढकलून बंद केलं आणि परत कुणी उघडू नये म्हणून बाहेरून एक आडवी फळी ठोकून दिली. तात्पुरती. आता तात्पुरती या शब्दाचं आयुष्य किती असतं हे ज्याला त्याला आपापल्या घरातून ठाऊक असतंच. लिफ्ट पुन्हा सुरू झाली, फक्त तिसरा मजला ओलांडून जायला लागली.

तिसऱ्या मजल्यावर अर्जदार राहत होते आणि त्यांची बायको, जिला सगळी इमारत काकू म्हणायची. काकू आदल्याच वर्षी त्याच मजल्यावरून उतरताना जिन्यात पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं, जुळलं, काठी आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "जिना अजिबात चढायचा-उतरायचा नाही. लिफ्टनं कुठेही जा." काकूंना जग फिरायचं नव्हतंच. त्यांना पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या ताईकडे जायचं होतं, बस्स. ताई म्हणजे सख्खी मोठी बहीण. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे तिला वर येता येत नव्हतं आणि हिला खाली जाता येत नव्हतं. मध्ये एक गल्ली आणि ती फळी. दोघी रोज दुपारी फोनवर भांडायच्या.

"फोनवर मेलं धड भांडताही येत नाही," काकू म्हणायच्या. "तिला उत्तर सुचलं नाही की ती फोन ठेवते. समोर बसलं की कशी पळेल?"

शेजाऱ्यांच्या सल्ल्यांना तोटा नव्हता. "अहो काकू, एकच तर जिना! दुसऱ्यापर्यंत उतरा, तिथून लिफ्ट आहेच," असं प्रत्येक जण सांगायचा, आणि सांगणारा प्रत्येक जण दोन धडधाकट पायांवर उभा असायचा. पहिल्या मजल्यावरचा विमा एजंट मात्र नुसता सल्ला देऊन थांबणारा नव्हता. त्यानं एक प्लास्टिकची खुर्ची आणली, दोन माणसं गोळा केली आणि काकूंना खुर्चीत बसवून वरात काढली. वळणावर खुर्चीचा पाय कठड्याच्या गजांत अडकला. पुढे जाईना, मागे येईना. काकू अधांतरी, एजंट घामाघूम, आणि अर्जदार वरून सूचना देताहेत, "डावीकडे! तुमची नव्हे, माझी डावी!" शेवटी काकूंनीच हुकूम सोडला, "मला होते तिथे नेऊन ठेवा, नाहीतर मी इथेच ओरडेन." त्यानंतर खुर्चीचं नाव कुणी काढलं नाही.

मग अर्जदारांनी सोसायटीला अर्ज केला. विषय, संदर्भ, सविनय निवेदन, सगळं जिथल्या तिथे. सेक्रेटरींनी तो भर मीटिंगमध्ये वाचून दाखवला आणि हसले. "अहो अर्जदार, दार दुरुस्त करू की! त्याला एवढा निबंध कशाला? फ्रेम करून लिफ्टमध्येच लावू या का?" सगळे हसले. सेक्रेटरी काही वाईट माणूस नव्हता, जरा तोंडाळ होता इतकंच. पण अर्जदारांच्या वर्मावर बोट पडलं. आयुष्यभर साहेबलोकांनी ज्यांच्या मसुद्यावर डोळे मिटून सह्या केल्या, त्यांच्या अर्जाला निबंध म्हणायचं? ते घरी आले, बूट न काढता टेबलाशी बसले आणि म्हणाले, "आता कोर्ट."

"कोर्टात लिफ्ट दुरुस्त करतात का हो?" काकूंनी विचारलं.

ज्या एका वकिलाकडे ते गेले, तो म्हणाला, "काका, सेक्रेटरीला चहाला बोलवा, मिटून जाईल." त्या क्षणी तो वकील त्यांच्या मनातून उतरला. असल्या पोचट माणसापेक्षा आपली बाजू आपणच मांडायची, असं त्यांनी ठरवलं. कायद्यात तशी मुभा आहे, हे त्या वकिलाच्याच तोंडून निसटलं होतं.

कोर्टाच्या तळमजल्यावर अर्ज घेणारी एक खिडकी होती आणि खिडकीमागे एक शांत चेहऱ्याच्या बाई. अर्जदारांचा पहिला अर्ज त्यांनी कौतुकानं घेतला. इतके सुवाच्य अर्ज आताशा कुठे येतात? दुसरा अर्ज पहिल्यातल्या एका तपशिलाच्या खुलाशासाठी होता. तिसरा, सेक्रेटरी हसले त्या हसण्याची नोंद व्हावी म्हणून. चौथ्यात त्या हसण्याचं वर्णन होतं, कारण तिसऱ्यात ते राहूनच गेलं होतं. बाईंच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू ओसरायला लागलं.

त्यातच अर्जदारांच्या कानावर आलं की सेक्रेटरी फळी काढून टाकणार आहेत. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. अर्जदारांना वेगळीच काळजी लागली. फळी म्हणजे त्यांचा मुख्य पुरावा! ती गेली तर कोर्टाला दाखवायचं काय? ते तडक धावले, फळी आणि दार आहे त्या स्थितीत राहावं असा तातडीचा अर्ज केला, आणि नवल म्हणजे तो मंजूर झाला. परिस्थिती जैसे थे ठेवावी, असा चक्क शिक्का मारलेला आदेश. अर्जदार शीळ घालत घरी आले. लग्न झाल्यापासून काकूंनी त्यांची शीळ ऐकली नव्हती.

"जिंकलो!"

"म्हणजे लिफ्ट थांबणार?"

"अगं, टप्प्याटप्प्यानं. आधी पुरावा सुरक्षित केला."

काकूंनी ताईला फोन करून सांगितलं की होतंय काहीतरी, टप्प्याटप्प्यानं.

पुढच्या आठवड्यात लिफ्टवाला आला. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात पक्कड. आदेशाची बातमी अजून न पोचलेल्या सेक्रेटरींनी सरळ माणसासारखं त्याला बोलावून घेतलं होतं. काकू आत फोनवर होत्या. अर्जदार बाहेर आले, हात पसरून दारासमोर उभे राहिले आणि त्यांनी आदेश त्याच्या नाकासमोर धरला. "हात लावायचा नाही."

"काका, मी दुरुस्त करायला आलोय."

"तेच म्हणतो मी! तुम्ही दुरुस्त केलंत तर ते बिघडलं होतं हे मी सिद्ध कसं करणार?"

लिफ्टवाल्यानं डोकं खाजवलं, फळीकडे पाहिलं, अर्जदारांकडे पाहिलं आणि जिन्यानं निघून गेला. अर्जदार आत आले. "कोण होतं हो?" काकूंनी फोनवर हात ठेवून विचारलं. "कुणी नाही," ते म्हणाले. अर्जदार खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्या दुपारी त्यांना चहा गोड लागला नाही, पण त्यांनी दोष साखरेला दिला.

मग काही धरबंधच राहिला नाही. अर्जदार रोज सकाळी डबा घेऊन कोर्टात जायचे, जणू पुन्हा नोकरीला लागले होते. कोर्टातल्या पंख्याच्या आवाजानं आपलं म्हणणं नीट ऐकू जात नाही, याबद्दल अर्ज. फळीची लांबी मोजताना झालेल्या चुकीबद्दल दिलगिरीचा अर्ज. खिडकीवरच्या बाई अर्ज घेताना सुस्कारा टाकतात, याबद्दल अर्ज, आणि तो त्याच बाईंच्या हाती. बाईंनी तो घेतला आणि सुस्कारा टाकला.

अखेर न्यायाधीशबाईंनी त्यांना समोर बोलावलं. त्यांच्या टेबलावर अर्जदारांचा गठ्ठा होता, आणि त्या गठ्ठ्याआडून बाईंचे फक्त डोळे आणि चष्मा दिसत होता.

"काका," त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमचे अर्ज वाचायला मला वेगळं कोर्ट काढावं लागेल. इतरांचीही कामं असतात हो." आणि त्यांनी आदेश दिला. यापुढे या अर्जदारानं कोर्टाच्या परवानगीशिवाय एकही अर्ज करायचा नाही. परवानगी मागायची तर एका पानात. आणि दुसऱ्या कुणा समजूतदार माणसानं आजवरचे सगळे कागद वाचून, नवा अर्ज खरंच गरजेचा आहे असं लिहून सही केलेली हवी.

अर्जदारांनी हात वर केला. "या आदेशाविरुद्ध अर्ज कुठे करायचा, मॅडम?"

"परवानगी घेऊन," मॅडम म्हणाल्या.

माणसाचा पेन काढून घेतला की त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. अर्जदार त्या दिवशी घरी आले ते थेट पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. जेवायला उठले नाहीत. काकूंनी काठी टेकत ताट तिथेच नेऊन दिलं. नवऱ्याचा अपमान कुठवर गेलाय हे त्यांना त्याच्या पाठीवरून कळायचं.

दुसऱ्या दिवसापासून समजूतदार माणसाचा शोध सुरू झाला. विमा एजंट सही करायला एका पायावर तयार होता. "कुठे करू? इथे?" वाचायला मात्र तयार नव्हता, आणि न वाचता केलेली सही अर्जदारांच्या तत्त्वात बसेना. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर वाचायला बसले आणि दुसऱ्या पानावर त्यांची मान छातीवर आली. समोरच्या वहिनींनी बरंच वाचलं, मग गठ्ठा परत देताना हळूच विचारलं, "भाऊजी, हे नेमकं कशाबद्दल आहे?" अर्जदारांना हे सगळ्यात जास्त लागलं, कारण वहिनी शिकलेल्या होत्या.

ते उतरल्या चेहऱ्यानं घरी आले तेव्हा काकू फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. फोन केव्हाच बंद झाला होता.

"ताईला मुलगा घेऊन चाललाय," त्या म्हणाल्या. "कायमची. त्याच्या गावी, इथून पार लांब. घर बंद करताहेत. शनिवारी सकाळी निघणार." मग चष्मा लावत त्यांनी हात पुढे केला. "आणा ते कागद इकडे. मी वाचते."

"तू?"

"का? मी समजूतदार नाही?"

या प्रश्नाला कुठलाही शहाणा नवरा उत्तर देत नाही. अर्जदारांनी गठ्ठा दिला आणि चहा करायच्या निमित्तानं आत गेले. काकू दुपारभर वाचत राहिल्या. पान उलटल्याचा आवाज आला की अर्जदारांना वाटायचं, आता म्हणेल काय छान मांडलंय. चहा दोनदा गार झाला.

"अहो," शेवटी हाक आली. "यात सेक्रेटरी आहेत, त्यांचं हसणं आहे. फळी आहे, खिळे आहेत, कोर्टातला पंखासुद्धा आहे. यात मी कुठे आहे?"

अर्जदार कपबशी हातात घेऊन दारात थबकले. "तू 'अर्जदाराचे कुटुंबीय' यात येतेस," ते म्हणाले, आणि तोंडातून शब्द बाहेर पडताच ते त्यांनाच कसेसे वाटले.

काकू रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "एवढं लिहिण्यापेक्षा," त्या म्हणाल्या, "एखाद्या लिफ्टवाल्याला तरी बोलवायचं होतंत."

अर्जदारांनी कपबशी खाली ठेवली, चमचा हातातच राहिला. "आला होता," ते म्हणाले. "त्या दिवशी तू विचारलंस ना, कोण होतं? तो होता. सेक्रेटरींनी पाठवला होता. मी परत पाठवला."

काकूंनी चष्मा काढून गठ्ठ्यावर ठेवला. "ताई शनिवारी जातेय हो," एवढंच म्हणाल्या आणि काठी टेकत आत निघून गेल्या.

त्या रिकाम्या खुर्चीसमोर उभं राहून अर्जदारांना रडू आलं. साठी ओलांडलेला माणूस, हातात चमचा, आणि डोळ्यांतून पाणी. आपण हिच्यासाठी लढतोय असं सगळ्यांना सांगत फिरलो आणि हिला घरात आपणच कोंडून ठेवलं, हे त्यांना लख्ख दिसलं. त्यांनी एक कोरा कागद घेतला. विषय नाही, संदर्भ नाही. लिहिलं, "दाराची फळी काढून दुरुस्ती करू द्यावी. माझ्या बायकोला तिच्या बहिणीकडे जायचं आहे." काकूंनी वाचलं, गरजेचा आहे असं खाली लिहिलं आणि सही केली.

शुक्रवारी सकाळी खिडकीवरच्या बाईंनी कागद उलटून पाहिला, मागे काही आहे का म्हणून. "एवढंच?"

"एवढंच."

बाईंचा चेहराच बदलला. "काका, मॅडम रजेवर आहेत हो. सोमवारी येतील. परवानगी त्याच देणार." एरवी अर्जदारांनी यावर किमान दोन अर्ज केले असते. आज ते नुसते उभे राहिले. बाईंनी खिडकीतून पाण्याचा पेला पुढे केला. तो पिऊन अर्जदार वळले आणि त्या वयाला शोभणार नाही इतक्या घाईनं घराकडे निघाले.

सेक्रेटरींनी दार उघडलं तर समोर अर्जदार, रिकाम्या हातांनी. सेक्रेटरी चरकले. "कोणी गेलं की काय?"

"नाही. मी तोंडी सांगायला आलोय." अर्जदारांना दम लागला होता. "लिफ्टवाल्याला बोलवा. फळी काढायची आहे. आज."

"अहो पण जैसे थे? कोर्टाचा अवमान होईल!"

"होऊ दे. आदेश माझा, अवमानही मीच करीन. तुमच्यावर काही येऊ देणार नाही. तिची ताई उद्या जातेय हो. हात जोडतो."

सेक्रेटरींनी त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले. "मीटिंगमध्ये मी हसलो ते चुकलंच," सेक्रेटरी म्हणाले. "घरी बायको तेव्हाच बोलली होती मला." मग ते आत जाऊन हातोडी घेऊन आले.

फळी काढण्याचं काम दोघांनी मिळून केलं, म्हणजे एकानं ओढली आणि दुसऱ्यानं चुकीच्या दिशेला ओढली. अर्जदारांनी स्वतःच ज्यांचं सविस्तर वर्णन करून ठेवलं होतं ते खिळे सुटता सुटेनात, आणि सुटले ते असे एकदम की वादी आणि प्रतिवादी दोघंही फळीसकट पाठीवर पडले. वहिनी धावत आल्या. मास्तर वरून विचारायला लागले, काय झालं, काय झालं. लिफ्टवाला येऊन बघतो तर दोघं वयस्कर गृहस्थ जमिनीवर बसून खो खो हसताहेत. त्यानं आधी खात्री करून घेतली, "काका, आज हात लावू ना?" दाराचं एक चाक खाचेतून निसटलं होतं. त्यानं ते बसवलं, तेल सोडलं, दोनचारदा दार सरकवून पाहिलं आणि पिशवी उचलली. इतकंच होतं ते.

अर्जदार घरात हाक मारायला वळले तर काकू उंबरठ्यावर उभ्या होत्या. बाहेर जायचे कपडे, केस विंचरलेले, खांद्याला पर्स. हातोडीचा पहिला घाव ऐकला तेव्हाच त्या तयारीला लागल्या होत्या. लिफ्टमध्ये शिरताना त्यांनी नवऱ्याच्या दंडाला धरलं, आणि अर्जदारांना वाटलं, आपल्याला माफ केलंय बहुतेक. निदान टप्प्याटप्प्यानं.

ताईच्या घरी बांधलेल्या खोक्यांच्या मध्ये दोघी बहिणी समोरासमोर बसल्या. अर्जदार पायरीवर थांबले. रडारड होईल म्हणून त्यांनी रुमाल काढून ठेवला होता, पण आतून आवाज यायला लागला तो भांडणाचा. लहानपणी कुणी कुणाची बाहुली विहिरीत टाकली त्यावरून. ताईला उत्तर सुचेना आणि ठेवायला हातात फोन नव्हता. मग आतला आवाज थांबला आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. रुमाल अर्जदारांच्याच उपयोगी पडला.

सोमवारी ते न्यायाधीशबाईंसमोर उभे राहिले. "मॅडम, मी कोर्टाच्या आदेशाचा भंग केला. फळी काढली."

बाईंनी चष्मा नीट केला. "आदेश कोणाच्या विनंतीवरून होता?"

"माझ्याच."

"मग भंगाची तक्रार कोणाची आहे?"

अर्जदारांनी प्रामाणिकपणे विचार केला. "माझीच असायला हवी, मॅडम. पण परवानगीशिवाय मला करता येत नाही."

कोर्टात हसू फुटलं. बाईंनी ओठ दाबून धरले. "पण इतके दिवस जपलेली फळी तुम्ही काढलीत तरी कशासाठी?"

अर्जदारांनी घसा खाकरला. पूर्वपीठिका सांगायला त्यांनी तोंड उघडलंच होतं, एवढ्यात मागच्या बाकावरून काठी टेकल्याचा आवाज आला. काकू उभ्या राहिल्या होत्या.

"माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "मी यांची बायको. ताईला परवा गाडीत बसवून आले. आज म्हटलं, हे रोज जातात तरी कुठे ते बघावं."

न्यायाधीशबाई गठ्ठा बाजूला सारून त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतक्या कागदांत न दिसलेली बाई त्यांना आता दिसत होती, आणि तिचे डोळे अजून सुजलेले होते. "बसा हो, उभ्या राहू नका," त्या म्हणाल्या. "फळी काढायला कोर्टाची हरकत नाही. काका, प्रकरण संपवण्याआधी विचारते, तुम्हाला आणखी काही म्हणायचंय?"

खिडकीवरच्या बाई दारात येऊन उभ्या होत्या. अर्जदारांनी एकदा मागे वळून काकूंकडे पाहिलं.

"काही नाही, मॅडम," ते म्हणाले. "ही आलीय ना."